चारीच्या तोंडाशी

रघुनाथ,

तुझ्या तेराव्याच्या पानात ठेचा वाढायचा नाही, असं सुमनवहिनींनी ठरवलं होतं. तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी घरामागची मिरचीची सहाही रोपं मुळासकट उपटून बांधावर टाकली. कुणी काही विचारलं नाही. लोकांना वाटलं, दुःखात बाईमाणूस काहीही करतं. का उपटली ते मला एकट्याला ठाऊक होतं, कारण तुला ठेचा बाधला असं त्यांना सांगणारा मीच होतो. आणि ते खरं नव्हतं हे त्यांना सांगायचं काम तू जाता जाता माझ्यावर टाकून गेला होतास.

तेरावं काल झालं. आज दवाखाना बंद ठेवला आणि सकाळीच लिहायला बसलो. तू वाचणार नाहीस हे मला कळतं. पण बारा वर्षं तुझ्याशी वाद घालायची सवय लागली आहे, ती तेरा दिवसांत कशी सुटेल?

मी गावात दवाखाना थाटला तेव्हा गंगापूर रोड सोडून आत वळलं की नुसते मळे होते. शेवंती, कोथिंबीर, टोमॅटो, मधूनमधून द्राक्षं. मी नवा डॉक्टर, भिंतीवर कोरी पदवी टांगलेली, आणि तू डाव्या कालव्याचा पाटकरी. पाटाला पाणी सुटलं की कुठल्या चारीला, म्हणजे मळ्यांकडे जाणाऱ्या छोट्या पाटाला, किती दिवस पाणी द्यायचं ते तू बघायचास. त्यामुळे गावात तुझा मान माझ्यापेक्षा जास्त होता, आणि ते तू मला विसरू देत नव्हतास. पहिल्या वर्षी तू मला ‘डॉक्टरसाहेब’ म्हणायचास, दुसऱ्या वर्षी ‘डॉक्टर’, आणि तिसऱ्या वर्षापासून ‘डॉक्टर, तू गप बस’. तुझ्या त्या ‘तू’मुळे मी ह्या गावचा झालो. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू ते चारचौघांत वाजवून दाखवलं असतंस.

आपला वाद पहिल्याच भेटीत सुरू झाला. डोकं दुखतंय म्हणून तू आलास. बीपी घ्यायला लागलो तर पारा खाली यायचं नाव घेईना. मी गोळी लिहून दिली, रोज घ्यायची, कायमची. तू आठ दिवस घेतलीस आणि डोकं थांबल्यावर पुडी देवघराच्या फळीवर ठेवून दिलीस.

“पाट कोरडा असंल तर मी त्याच्या दाराला हात लावत नाय. डोकं दुखत नाय तर गोळी कशापायी?”

“अरे, बीपी दुखत नाही. ते गुपचूप आतली नळी झिजवत बसतं.”

“मंग दुखंल तवा बघू.”

एवढ्याच वाक्यांवर आपण बारा वर्षं काढली. एकदा मी तुला दवाखान्यातून हाकलून दिलं, तर संध्याकाळी तू कोथिंबिरीच्या दोन जुड्या घेऊन हजर, जणू काही झालंच नाही. मग पुन्हा तोच वाद, तीच वाक्यं. आता तो वाद मी जिंकलो आहे, आणि त्याचं मला काडीचंही सुख नाही.

तुझ्याकडून मी एक गोष्ट शिकलो होतो. निदान शिकलो असं मला वाटत होतं. एका उन्हाळ्यात पाटाला पाणी सुटून चार दिवस झाले तरी शेवटच्या मळ्यांना थेंब मिळाला नव्हता. लोक तुझ्या दारात येऊन बसले. कालव्याच्या मुखाशी पाणी मोजायच्या पट्टीवर पाट पूर्ण भरलेला दिसत होता, तेव्हा वरचे साहेब म्हणाले की पाणी व्यवस्थित आहे, तुमचे लोक खोटं बोलतात. तू माझ्या स्कूटरवर मागे बसलास आणि आपण पाटाच्या कडेकडेने गेलो. पाट काठोकाठ वाहत होता. मीही म्हणालो, “पाणी तर भरपूर आहे रे.” तू चारीच्या तोंडाशी पालथा पडलास आणि खांद्यापर्यंत हात पाण्यात घातलास.

“फरशी सुटली,” तू म्हणालास.

वर कुठेतरी पाटाच्या अस्तराला चीर पडली होती. पाणी त्या चिरेतून अस्तराच्या मागे शिरलं आणि एकेक फरशी सोलत खाली आलं. त्यातलीच एक सुटलेली फरशी चारीच्या तोंडावर आडवी झाली होती. पाट भरलेला आणि चारी कोरडी. जवळच्या मळ्यातल्या दोघांना बोलावून तू ती फरशी ओढून काढलीस आणि ओल्या हातानेच मला शिकवणी दिलीस.

“पट्टीवर पाणी बघून चारीचं कळत नसतं, डॉक्टर. चारीच्या तोंडात हात घालावा लागतो. आन् ते शेवंतीचं बघ, कळीवर आलेलं हाय ना, त्यानंच पयल्या माना टाकल्या. त्याला पाणी जास्ती लागतं.”

मी मान डोलावली. घरी येऊन बायकोला कौतुकाने सांगितलंसुद्धा.

दुसरी गोष्ट माझ्या आईने केली. ती राहायला आली असताना वहिनींशी गप्पा मारता मारता बोलून गेली की आमचा हा पायाळू आहे, जन्मताना पाय आधी बाहेर आले. झालं. कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळू माणसाने तीन वेळा पाठीला पाय लावायचा, मग ती जाते, हे सगळ्या गावाला माहीत. दुसऱ्या दिवसापासून लोक पुढच्या दाराने औषधाला आणि मागच्या दाराने लाथेला यायला लागले. मी चिडायचो. तू मला सगळ्यांसमोर म्हणायचास, “डॉक्टरच्या औषधापेक्षा त्याच्या लाथेला जास्ती गुण हाय.” पुढे पुढे मीही हसून पाय लावायला लागलो. त्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं.

आता त्या सोमवारचं.

पाटाचं दार उचलायचं चाक फिरवताना तुझ्या पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध, कळ आली. तू माझ्याकडे चालत आलास. घामाघूम झाला होतास, पण ऊन कडक होतं, मला त्यात वावगं काही वाटलं नाही. बाकावर सात-आठ माणसं बसलेली. “आतून टराटरा फाटल्यावानी झालं बग,” तू म्हणालास. “वरून खाली कंबरंपोतर गेलं. उसण भरली. पाय लाव.”

माणसं हसली. मीही हसलो. उजव्या हाताचं बीपी घेतलं, ते नेहमीसारखं चढलेलं. त्यावरून तुला दोन शब्द सुनावले, गोळीचा वाद पुन्हा एकदा झाला. मग तू भिंतीकडे तोंड करून वाकलास आणि मी चप्पल काढून तीन वेळा तुझ्या पाठीला पाय लावला. वर दुखण्याचं इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात तुला उतार पडला. बाकावरच्या मंडळींनी श्रेय पायाला दिलं आणि मी ते नाकारलं नाही.

टराटरा फाटल्यासारखं. वरून खाली. घाम. वर्षानुवर्षं न आवरलेलं बीपी. पुस्तकात हे असंच लिहिलेलं असतं, रघुनाथ, जवळजवळ ह्याच क्रमाने. मी ते वाचलेलं होतं. दुसऱ्या हाताचं बीपी घेतलं असतं तर कदाचित दोन हातांत फरक दिसला असता. मी घेतलं नाही. तू उसण म्हणालास आणि मी ती उसणच धरून चाललो.

बुधवारी वहिनींचा निरोप आला. तुझं पोट दुखत होतं. मी घरी आलो तेव्हा दुपारची जेवणं नुकतीच आटोपली होती. ताटात अर्धी भाकरी तशीच, शेजारी ठेचा. तू भिंतीला टेकून पाय पोटाशी घेऊन बसलेला.

“खाल्लं नाय की बरं असतं. दोन घास पोटात गेले की पिळवटून निघतं. ताटाची भीती वाटायला लागली, डॉक्टर.”

मी पोट दाबून पाहिलं. मऊ होतं, कुठे ताठ नाही, कुठे हात लावल्यावर तू ओरडला नाहीस. एवढं दुखतंय म्हणतो आणि पोटात तर काहीच सापडत नाही, म्हणजे पित्त, असं मी मनाशी म्हटलं. मनगटाची नाडी धरली, ती जोरात चालली होती. “नाडी मस्त आहे,” मी म्हणालो. आणि मग ताटाकडे बघून, हसत हसत म्हणालो, “वहिनी, ह्याला ठेचा देऊन मारता का काय?”

हे वाक्य मी गेले तेरा दिवस रोज ऐकतो आहे. वहिनींनीही ते ऐकलं होतं, आणि त्यांनी ते हसण्यावारी नेलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तुला लघवी जेमतेम झाली आणि शौचाला रक्त पडलं. तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. फुलांच्या टेम्पोत गादी टाकून आपण शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरने माझ्याकडून हकीकत ऐकून घेतली, आणि तुझ्या पोटाआधी तुझ्या दोन्ही जांघांत बोटं ठेवून नाडी पाहिली. डाव्या बाजूची लागेचना. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्या क्षणी मनाने पाटाच्या काठावर उभा होतो आणि तू पालथा पडून पाण्यात हात घालत होतास. मी चार दिवस मुखाशी उभा राहून पट्टी वाचत होतो, रघुनाथ. चारीच्या तोंडाशी त्या पोराने हात घातला.

स्कॅनच्या फिल्म त्याने उजेडापुढे धरून दाखवल्या. हृदयापासून निघालेली महाधमनी छातीतून खाली पोटात येते, तिला वाटेत आतड्यांच्या, यकृताच्या, दोन्ही मूत्रपिंडांच्या फांद्या फुटतात, आणि खाली ती दोन पायांकडे वाटली जाते. तुझ्या महाधमनीचं आतलं अस्तर सोमवारीच छातीत चिरलं होतं. रक्त त्या चिरेतून दोन थरांच्या मधे घुसलं आणि अस्तर सोलत सोलत पोटापर्यंत उतरलं. सोललेला तो पडदा आतड्याच्या फांदीच्या तोंडावर पडला होता. डाव्या मूत्रपिंडाच्या तोंडावरही. उजव्या मनगटाला जोरात नाडी लागत होती, आणि आत आतडं रक्तावाचून वाळत होतं. पोट हाताला मऊ लागतं आणि माणूस कळवळतो, ते ह्यामुळेच. आणि जेवल्यावर आतड्याला रक्त जास्त लागतं, ते मिळत नाही, म्हणून जेवलं की दुखतं. कळीवर आलेल्या शेवंतीचं तू मला सांगितलं होतंस.

ऑपरेशनला न्यायच्या आधी दहा मिनिटं मी तुझ्याजवळ होतो. वहिनी बाहेर कागदावर सही करत होत्या. तू विचारलंस, “काय निघालं?” दुसऱ्या पेशंटला सांगितलं असतं तसं गोल गोल मला तुला सांगता आलं नाही.

“मोठ्या पाटाचं अस्तर सुटलंय,” मी म्हणालो.

तुला पुढचं समजवावं लागलं नाही. “फरशी कोणच्या चारीवर पडली?”

“आतड्याच्या. आणि डाव्या किडनीच्या.”

तू डोळे मिटून हिशेब केलास. “सोमवारधरनं?”

“हो.”

“लय दिवस झाले मंग.” मग तू डोळे उघडलेस. “म्हंजी ठेच्याचं काय नव्हतं.”

“काही नव्हतं.”

“तिला सांग. ती मनाला लावून घेती.”

मी सांगतो म्हणालो. तू माझा हात धरून ठेवलास. मला तुझी माफी मागायची होती. शब्द तोंडाशी आले होते, तेवढ्यात स्ट्रेचर घेऊन माणसं आली. तुला ते समजलं होतं का, हे आता मला कधीच कळणार नाही. पोट उघडलं तेव्हा आतडं बरंचसं काळं पडलेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास.

तिला सांग, एवढंच तू म्हणालास. दोन शब्दांचं काम. मी रोज तुमच्या घरी जात होतो, रोज ओसरीवर बसत होतो आणि चहा पिऊन परत येत होतो. कारण ठेच्याने नाही म्हटलं की वहिनी विचारणार, मग कशाने? ते सांगितलं की विचारणार, तुम्हाला आधी का नाही कळलं? ठेच्यावर सगळं ढकलून मला सुखाने राहता आलं असतं. एक बाई जन्मभर स्वतःच्या हाताला दोष देत राहिली असती, एवढंच. आपण किती भित्रे आहोत ते मला ह्या वयात कळलं.

काल स्वयंपाकघरातून पानं वाढायची गडबड ऐकू येत होती. मनमाडहून तुझी मनीषा आली होती. ती आईला म्हणाली, “अण्णांच्या पानात ठेचा पाहिजे ना गं? त्यांना त्याच्याबिगर घास जायचा नाय.” वहिनी म्हणाल्या, “ज्यानं मानूस गेला ते त्याच्या पानात वाढू?” मी ओसरीवरून उठलो आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो.

“वहिनी, ठेच्याने नाही गेला तो.”

त्यांनी वर पाहिलं. मग मी सगळं सांगितलं. त्यांना महाधमनी वगैरे सांगायची गरज नव्हती, त्या पाटकऱ्याच्या बायको होत्या. मोठ्या पाटाचं अस्तर कसं सुटलं, फरशी कुठे आडवी झाली, मळा कसा वाळला, ते सांगितलं. जेवलं की त्याला का दुखायचं तेही सांगितलं. दूधभात दिला असता तरी तसंच दुखलं असतं, म्हणालो. आणि मग तिथेच थांबलो नाही. सोमवारी तो माझ्याकडे आला होता, मी हसत पाय लावला, एका हाताचं बीपी घेऊन सोडून दिलं. बुधवारी मनगट धरून नाडी मस्त आहे म्हणालो आणि ठेच्यावर खापर फोडलं. त्याने तुम्हाला सांग म्हणून सांगितलं होतं, तेरा दिवस मी सांगितलं नाही.

वहिनींनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, “सोमवारीच मोठ्या दवाखान्यात नेलं असतं तर?”

“कदाचित वाचला असता. कदाचित नाही. हे दुखणं लगेच सापडलं तरी माणसं जातात. पण मी संधी घालवली, हे खरं आहे.”

मला वाटलं, त्या आता मला घराबाहेर काढतील, आणि ते योग्य झालं असतं. त्या उठल्या. माझ्या अंगावरून बाहेर, शेजारच्या मळ्याकडे गेल्या. मनीषा माझ्याकडे बघत होती, मी जमिनीकडे. पाच-सात मिनिटांत वहिनी परत आल्या. पदरात मूठभर हिरव्या मिरच्या होत्या.

त्यांनी तवा चुलीवर ठेवला. मिरच्या आणि लसूण टाकला, तशी सगळ्या घरात धुराची खाट उठली आणि ओसरीवरची माणसं खोकायला लागली. एक मामा बाहेरून ओरडले, “अगं, आज तरी?” वहिनींनी लक्ष दिलं नाही. तव्यातच तांब्याच्या बुडाने त्या ठेचा रगडत राहिल्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते मिरचीचं होतं की तुझं हे मी विचारलं नाही. मग त्यांनी तुझ्या पानात, भाकरीच्या बाजूला, तू घ्यायचास तेवढा ठेचा वाढला. पान ठेवून आल्या. नंतर मला पाटावर बसवून माझ्या ताटात वाढलं, आणि त्यातही ठेचा घातला.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “बंद तुमी केला व्हता. चालू बी तुमीच करा.”

त्यांचा आवाज मऊ नव्हता. पण त्या समोरून हलल्या नाहीत, मी घास घेईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. मी भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि तोंडात घातला. मला असा ठसका लागला की काही सुचेना. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि मनीषाला म्हणाल्या, “तुझ्या बापाला बी पयल्या घासाला असाच लागायचा.”